सकाळी उपाशीपोटी एक

चिमीच्या आईला नकला करायची खोड होती. उभं आयुष्य तिनं शिशुवर्ग सांभाळला. पहिल्यांदाच घर सोडून आलेली, रडून रडून लाल झालेली पोरं गप्प करायची तर नुसतं ‘रडू नको’ म्हणून कोण ऐकतंय? त्यापेक्षा आपणच एक भुवई वर, एक खाली करून, गाल फुगवून मुख्याध्यापिकाबाईंसारखं चालून दाखवलेलं बरं. पोरं रडायची विसरायची. ती सवय मग घरीही आली. टेबलावरच पडलेला शिक्का खणात शोधणारा बँकेतला कारकून, फोनवर ‘हो का, हो का’ करत भलतीकडेच बघणारी शेजारीण, चहा नावडला तरी ‘छान झालाय हं’ म्हणणारी धाकटी जाऊ, सगळी माणसं त्या एका तोंडावर येऊन जायची. समोरचा पोट धरून हसायचा, आणि पुढचा नंबर आपला आहे हे लक्षात आलं की गप्प व्हायचा.

चिमी तिची धाकटी लेक. चाळिशी उलटली, स्वतःचं औषधांचं दुकान झालं, तरी घरात चिमी ती चिमीच. दुकानात मात्र तिचा दरारा. बिनचिठ्ठीची झोपेची गोळी मागायला कुणी आलं की ती असं फैलावर घ्यायची की बिचाऱ्याची उरलीसुरली झोपही उडायची. ‘गोळ्या म्हणजे पेपरमिंट नव्हेत,’ हे तिचं पालुपद. कुणी वर्षापूर्वीची चिठ्ठी पुढं करून तेच औषध पुन्हा मागितलं, तर ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, डॉक्टरांनी किती दिवसांसाठी दिलं होतं, आणि त्यानंतर तुम्ही त्यांना तोंड तरी दाखवलंत का? माणूस आल्या पावली परत.

आणि हीच बाई स्वतःच्या आईच्या बाबतीत काय करून बसली ते ऐका.

नोकरी सुटली आणि आईला पोटाचं सुरू झालं. दोन घास खाल्ले की पोटाचा नगारा, ढेकर थांबत नाहीत, रात्री छातीत जळजळ. तेव्हा ती दादाकडं, म्हणजे चिमीच्या थोरल्या भावाकडं राहत होती. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले आणि काही आठवड्यांपुरती एक कॅप्सूल लिहून दिली. चिमीनं आपल्याच दुकानातून आणली, डबीवर चिठ्ठी चिकटवली, ‘सकाळी उपाशीपोटी एक’, आणि आईच्या उशाशी ठेवली. गुण आला. आई पोटभर जेवायला लागली. डबी संपली तशी चिमीनं दुसरी भरून दिली. दुसरी संपली, तिसरी दिली. डॉक्टरांना पुन्हा कुणी विचारलंच नाही. कशाला विचारायचं? दुकान घरचं, आई घरची, आणि गोळी पोटाची. पोटाच्या गोळीला कोण घाबरतंय? गिऱ्हाइकाला लावायचा नियम आईला लावावा असं तिच्या मनातही आलं नाही. मायेनं केलं हो सगळं. पण माया होती म्हणून चूक लहान झाली असं थोडंच आहे.

याच सुमारास चिमीनं लग्न करायचं ठरवलं. दुकानासमोर एक चष्मेवाला होता, घटस्फोट झालेला, पन्नाशीकडं झुकलेला, स्वभावानं गरीब पण तोंडानं मिश्कील. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून यायचा आणि आपल्या दुकानातले किस्से सांगत बसायचा. आता लग्न करणारच नाही अशी पैज मारल्यासारखी राहिलेली चिमी, त्याच्या किस्स्यांना हसता हसता कधी गुंतली तिचं तिलाही कळलं नाही. मनात एकच होतं. हा माणूस आईला आवडायला हवा. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे तिच्या लेखी पसंतीचा शिक्का मारणारं घरात एकच माणूस, आणि ते माणूस हसवणाऱ्यावर जीव टाकणारं. तेव्हा हे काम फत्ते झाल्यातच जमा आहे असं ती धरून चालली होती.

दादाच्या बैठकीत चहा झाला. चष्मेवाल्यानं आपला हुकमी किस्सा काढला. एक आजोबा दरवर्षी डोळे तपासायला यायचे आणि समोरचा अक्षरांचा तक्ता धडाधड वाचायचे. एकदा यानं तक्ताच बदलला, तरी आजोबांनी जुनाच तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत म्हणून दाखवला, तोही खिडकीकडं तोंड करून. दादा हसला. वहिनीला ठसका लागला. चिमीनं आईकडं पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. ती त्याच्याकडं एकटक बघत होती, पापणीही न लववता, हात मांडीवर ठेवून.

तो गेल्यावर चिमीनं विचारलं, कसा वाटला? आई म्हणाली, “चांगला आहे.” एवढंच. सपाट आवाजात, वाण्याचं सामान आलं असं सांगावं तसं.

आता शब्द तर चांगलाच होता. पण चिमीनं आयुष्यभर आईचं तोंड वाचलेलं. आई खरोखर खूश झाली की कशी दिसते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? या ‘चांगला आहे’मध्ये तिला टोमणा ऐकू आला. तिला वाटलं, घटस्फोटवाला आहे म्हणून आईला पटलेलं नाही, आणि सरळ ‘नको’ म्हणायची हिंमत नाही म्हणून हे नाटक चाललंय. ज्या बाईनं दुनियेची नाटकं केली, तिला हे काय अवघड!

पुढं दोनचारदा ती त्याला घेऊन गेली. दर वेळी तेच. आई दगडासारखी बसायची, विचारलं तर हळू आवाजात हो-नाही करायची, आणि चहाचा कप अर्ध्यावर ठेवून द्यायची. चष्मेवाला एकदा बिचकतच म्हणाला की त्यांना बरं नसेल, कुणाला तरी दाखवूया का? चिमी त्याच्यावरच उखडली. म्हणाली, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, तिनं तोंड फुगवलंय.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून सह्या झाल्या, मग बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात फोटो काढायचे ठरले. दादाची मुलगी फोन धरून उभी. ‘आजी, हस ना,’ ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. आई सरळ समोर बघत राहिली. तिसऱ्यांदा म्हटल्यावर चिमीचा तोल सुटला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं.

“एक दिवस, आई. माझ्यासाठी एक दिवस तोंड सरळ ठेवता आलं नाही तुला? परक्यांची पोरं रडायला लागली की हसवायचीस. आपल्या पोरीच्या सुखात एवढं जड झालं?”

आईचे ओठ थोडे हलले. डोळे भरले असतील-नसतील. चिमीनं बघितलंच नाही. ती नवऱ्याचा हात धरून जिना उतरून गेली.

त्यानंतर जाणं-येणं बंद. फोनही नाही. मनात अढी बसली ती बसलीच. पण गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, कर्मच म्हणायचं, भांडण झालं तरी गोळी थांबली नाही. महिना भरत आला की चिमी डबी भरायची, वर नवी चिठ्ठी चिकटवायची आणि दुकानावरून जाणाऱ्या दादाच्या हातात ठेवायची. दादा म्हणायचा, स्वतः येऊन दे की. ती म्हणायची, तूच ने. तिला त्यात मोठेपणा वाटायचा. आपण रागावलो असलो तरी आईच्या तब्येतीत कमी करत नाही, असं नवऱ्याला ती मान वर करून सांगायची.

इकडं आईचं एकेक सुटत चाललं. चालताना पाय उचलेनात, फरशीवरून घासत न्यायची. हात अंगाशी चिकटलेले. ब्लाउजची बटणं लावायला अर्धी सकाळ. वहिनी कधी दादाच्या मागं लागायची की सासूबाईंचा उजवा हात थरथरतो, कप सांडतात. दादा म्हणायचा, वय झालं. चिमीच्या कानावर आलं तेव्हा तीही तेच म्हणाली, आणि वर म्हणाली की माझ्या नावानं झुरायचं नाटकही असेल.

शेवटी आई न्हाणीघराच्या दारात पडली. हाड वाचलं, पण कपाळावर टेंगूळ आलं. त्या दिवशी वहिनीनं चिमीला सरळ फोन लावला. भांडणं नंतर करा, म्हणाली, आधी येऊन बघा. वहिनी एरवी मोजकं बोलणारी. तिचा तो आवाज ऐकून चिमी दुकान अर्धं बंद करून धावली.

दोन-अडीच वर्षांनी तिनं आईला पाहिलं. खुर्चीत बसलेली, मान पुढं, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. चिमी आत आली तरी चेहऱ्यावर ओळखसुद्धा उमटली नाही. फक्त डोळे वळले.

मेंदूच्या डॉक्टरांकडं तिघं घेऊन गेले. डॉक्टर वयानं लहान होते पण घाई नव्हती त्यांना. आईला अंगठ्यावर बोट आपटून दाखवायला सांगितलं. दोनचारदा आपटलं आणि बोट मंदावलं. मनगट धरून फिरवलं. ते अडकत अडकत फिरलं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मग नर्सनं तिला बाहेर नेऊन बसवलं आणि डॉक्टरांनी विचारलं, औषधं काय चालू आहेत?

दादा म्हणाला, रक्तदाबाची एक. आणि हो, ती गॅसची, चिमी देते ती.

कुठली गॅसची, डॉक्टरांनी विचारलं. चिमीला असले प्रश्न दिवसातून पन्नासदा येतात. ती सवयीनं धाडकन म्हणाली, “पँटोप्राझोल आणि...”

आणि थांबली. पुढचं नाव तोंडात होतं, पण बाहेर येईना. दादानं तिच्याकडं पाहिलं. डॉक्टर वाट बघत राहिले.

“लेवोसल्पिराइड,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधीपासून? चिमीनं खाली मान घालून सांगितलं.

मग डॉक्टरांनी दादाला आणि वहिनीला समजावलं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडं निरोप जातात, आणि ते निरोप नेणारी काही रसायनं असतात. त्यातलं एक डोपामीन. हालचाल कधी सुरू करायची, किती सहज करायची, हे त्याच्यावर चालतं. ते येऊन बसतं अशी ठरलेली जागा असते. कॅप्सूलमधलं पहिलं औषध साधं जळजळीचं, पण हे दुसरं आधीच जाऊन त्या जागेवर बसतं. पोटात तसं झालं की पोट हलायला लागतं, अन्न पुढं सरकतं, आराम पडतो. पण हे पोटात थांबत नाही, मेंदूतही चढतं. तिथं निरोप येतो आणि जागा भरलेली बघून तसाच राहतो. मोठ्या मात्रेत हेच औषध मनाच्या आजारातही देतात. उतारवयात, लांबत गेलं, तर माणूस असा आखडतो. आणि चेहरा म्हणजे तर न ठरवता होणाऱ्या बारीकसारीक हालचालींचाच खेळ. तो लवकर थांबतो. घरच्यांना वाटतं, माणूस रुसलाय.

दादानं हळूच विचारलं, “म्हणजे आईला हसू येत नव्हतं?”

“येत असणार,” डॉक्टर म्हणाले. “दिसत नसणार.”

चिमीला त्यातलं एक अक्षर नवं नव्हतं. परीक्षेत तिनं हे लिहिलं होतं, आकृती काढून. दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तिनं हीच कॅप्सूल चिठ्ठीशिवाय नाकारली होती, वर ‘मेंदूवर जाते ही, आजोबा’ असं सुनावलंही होतं. ते सगळं तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर थिजलेला चेहरा दिसत होता, शिक्षण डोक्यात होतं, औषध स्वतःच्या हातानं जात होतं. आणि तिनं वाचलं काय, तर आईचा रुसवा. राग डोळ्यांवर बसला की शिकलेलं सगळं कुठं जातं कोण जाणे.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली. सुधारेल, म्हणाले, काही महिने लागतील. पण या वयात सगळं परत येईलच असा शब्द मी देणार नाही.

घरी येताना दादा म्हणाला, आईला यातलं काही सांगायला नको. उगाच जीवाला लागेल. वहिनीही हो म्हणाली. चिमीनं त्या डबीत साधी जळजळीची, दिसायला तशीच कॅप्सूल भरली, वर तीच चिठ्ठी चिकटवली आणि उशाशी ठेवून दिली. आईला पत्ता लागला नाही.

मग चिमी रोज दुपारी यायला लागली. वहिनीनं पहिल्या दिवशी एक टोला हाणलाच, की रस्ता सापडला म्हणायचा. चिमीनं तो मुकाट्यानं घेतला. ती आईसमोर बसायची आणि तिचं तोंड न्याहाळायची. आधी पापण्या लवायला लागल्या. मग पाय उचलायला लागले. आवाजाला जोर आला, हाताची थरथर कमी झाली, एक दिवस आईनं आपली वेणी आपण घातली. चेहरा मात्र तुकड्यातुकड्यानं आला. कपाळाला आठी पडायला लागली तेव्हा चिमीला कोण आनंद. हसू सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही उशिरानं. बोलणं संपून माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची आणि मग आईचं तोंड सावकाश पसरायचं, डावीकडं जरा जास्त.

चष्मेवाल्याला आईनं स्वतः बोलावणं धाडलं. तो आला, गप्पा मारून गेला. तो गेल्यावर चिमीला म्हणाली, “तेव्हा म्हटलं होतं ना तुला, चांगला आहे म्हणून.”

चिमी उगाच रिकामे कप गोळा करत राहिली.

नकला मात्र गेल्या त्या गेल्याच. एकदा आई डॉक्टरांची नक्कल करायला गेली. मान तिरकी केली, भुवई उचलायला बघितली, आणि ती अर्ध्यातच राहिली. पुन्हा करून बघितली. मग ‘राहू दे’ म्हणून खिडकीबाहेर बघत बसली. चिमी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

हे तिच्यानं फार दिवस सोसवेना. आई आपल्याला जवळ बसवते, केसांवरून हात फिरवते, आणि आपण तिला फसवतोय. एका दुपारी दादा कामावर, वहिनी बाहेर गेलेली, तेव्हा ती आईच्या पलंगाशी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. वय नव्हतं, आजार नव्हता, ती गोळी होती. मी दिली. काही आठवड्यांची होती, मी वर्षानुवर्षं दिली. मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंही. आणि वर मीच तुला बोलले, सगळ्यांदेखत.

आई ऐकत होती. चिमीला वाटलं आता ती रागावेल, निदान एक थप्पड तरी देईल. तिला ती हवीच होती.

“पोट तर केव्हाच बरं झालं होतं माझं,” आई म्हणाली. “तुझी वहिनी म्हणायची, आता कशाला घेता, सोडून द्या. तोंड कोरडं पडायचं, कसंतरी व्हायचं सकाळी. मलाही वाटायचं सोडावी.”

“मग का नाही सोडलीस?”

आईनं तिच्याकडं बघितलं, जणू हे विचारायचं काय त्यात.

“तू येत नव्हतीस, बोलत नव्हतीस. तुझ्या हातचं तेवढंच येत होतं घरात. मी म्हणायचे, चिमी रागावलीय पण गोळी पाठवते आहे, म्हणजे अजून तुटलेलं नाही. एक दिवस चुकवली नाही गं मी.”

बोलता बोलता तिची हनुवटी थरथरली, ओठ मुडपले, कपाळावर आठ्यांचं जाळं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर सगळंच्या सगळं दिसत होतं. चिमीला ते बघवेना. तोंड फिरवावंसं तिला फार वाटलं. पण तिनं फिरवलं नाही. पलंगाची कड धरून ती आईकडं बघत राहिली.